उरलेल्या इनिंगचा हिशेब

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज मी तुम्हाला अशा एका संघाबद्दल सांगणार आहे, जो कधीच मैदानावर उतरला नाही. त्या संघाचा मालक मी, व्यवस्थापक मी आणि निवड समितीही मीच. संघात २३ खेळाडू होते. त्यातला एकही मला ओळखत नव्हता, आणि आपण माझ्या संघात आहोत याचा त्यातल्या कोणालाही पत्ता नव्हता. तरीही सलग सहा वर्षं, एप्रिल ते सप्टेंबर, मी रोज सकाळी चहाच्या आधी त्यांची खुशाली बघत असे. घरच्यांच्या मते आधी देवाला नमस्कार करायला हवा होता.

२००८ साली मी नोकरीसाठी अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळच्या व्हर्जिनियात गेलो. ऑफिसात बारा जणांची एक फँटसी बेसबॉल लीग चालत असे. त्या वर्षी एक जण नोकरी सोडून गेला आणि बाराव्या माणसाची जागा रिकामी झाली. मी क्रिकेटवर वाढलेला माणूस. बेसबॉल म्हणजे आपल्या विटीदांडूचा श्रीमंत चुलतभाऊ, एवढीच माझी समजूत. पण ब्रिजला चौथा आणि लीगला बारावा मिळत नसेल, तर लोक फार चौकशी करत नाहीत. मला घेतलं.

हा खेळ नेमका काय, ते आधी सांगतो. १९७९ च्या अखेरीस डॅनियल ओक्रेंट नावाच्या अमेरिकन लेखक-संपादकाला विमानप्रवासात एक कल्पना सुचली. मित्रांनी मिळून खऱ्या खेळाडूंचा खोटा लिलाव करायचा. प्रत्येकाला २६० डॉलरचं बजेट. त्यात १४ फलंदाज आणि ९ पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, विकत घ्यायचे. मग वर्षभर हे खेळाडू प्रत्यक्ष सामन्यांत जे करतील, त्याची बेरीज आपल्या खात्यावर. न्यूयॉर्कमधल्या ज्या रेस्टॉरंटात ही मंडळी जमत, त्याचं नाव ‘ला रोटिसरी फ्रान्सेझ’. म्हणून या खेळाचं नाव पडलं रोटिसरी. १९८० साली पहिला हंगाम झाला. तेव्हा कॉम्प्युटर घरोघरी नव्हते. वर्तमानपत्रातले धावफलक घेऊन पेन्सिलीने बेरजा चालत. जिंकणाऱ्याच्या डोक्यावर ‘यू-हू’ नावाचं चॉकलेटचं पेय ओतायचं, हे बक्षीस. गंमत म्हणजे, हा खेळ ज्यांनी काढला त्या ओक्रेंट यांना स्वतःची लीग कधी जिंकता आली नाही.

आपल्याकडे आयपीएलमुळे लिलाव आता घरोघरी माहीत आहे, आणि रोज पैसे लावून संघ निवडण्याचे प्रकारही लोकांनी पाहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून तसे पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. मी सांगतोय तो प्रकार वेगळा. हा सहा महिन्यांचा संसार आहे. आमच्याकडे पैज एवढीच, की जिंकेल त्याला बाकीच्या अकरा जणांनी जेवू घालायचं.

आता थोडा हिशेब. घाबरू नका, सातवीच्या गणितापलीकडे जात नाही.

आमच्या लीगमध्ये पिचरसाठी पाच विषय होते. पहिला, त्याच्या नावावर लागलेले विजय. दुसरा, स्ट्राइकआउट, म्हणजे किती फलंदाजांना त्याने तीन स्ट्राइकवर घरी पाठवलं. तिसरा, सेव्ह, म्हणजे शेवटची इनिंग टाकून किती सामने राखले. या तिन्ही गोष्टी मोजायच्या. जितक्या जास्त, तितकं बरं. चौथा विषय ईआरए. नऊ इनिंगमागे पिचरने सरासरी किती धावा दिल्या, त्याचा हा आकडा. क्षेत्ररक्षकांच्या चुकीने गेलेल्या धावा त्यात धरत नाहीत. पाचवा विषय व्हिप, म्हणजे दर इनिंगमागे हिट देऊन किंवा वॉक देऊन किती फलंदाजांना बेसवर जाऊ दिलं. हा आकडासुद्धा ओक्रेंट यांनीच काढला आणि आज बेसबॉलच्या सगळ्या जगात तो वापरतात. हे दोन विषय सरासरीचे. इथे जितकं कमी, तितकं बरं. बारा संघांत जो पहिला त्याला बारा गुण, शेवटच्याला एक. फलंदाजीचे पाच आणि पिचिंगचे पाच, असे दहा विषयांचे गुण मिळवून वर्षाचा निकाल.

म्हणजे बघा, तीन विषय म्हणतात, ‘अजून पिचर खेळव.’ उरलेले दोन म्हणतात, ‘जपून खेळव.’ एकाच घरात एक भाऊ उधळ्या आणि एक कंजूष असावा, तशी ही गत. एप्रिलमध्ये हे भांडण जाणवत नाही. सप्टेंबरमध्ये ते रोज सकाळी दारात उभं असतं.

शिवाय आमच्या लीगमध्ये आणखी एक नियम होता. वर्षभरात पिचरांच्या मिळून १४०० इनिंगच वापरायच्या. खरा संघ १६२ सामने खेळतो, सामन्याला नऊ इनिंग, म्हणजे साधारण १४५८. त्याच्या जवळपासची ही मर्यादा. नाहीतर काही हौशी मंडळी रोज दिसेल त्या पिचरला उतरवून नुसत्या आकड्यांच्या राशी लावतात. १४०० झाल्या की दुकान बंद. त्यानंतर तुमच्या पिचरने पराक्रम केला तरी तुमच्या खात्यावर काही नाही.

आता २०१२ चा हंगाम. १ सप्टेंबरला मी पहिल्या क्रमांकावर होतो. दुसऱ्यापेक्षा पाच गुणांनी पुढे. स्ट्राइकआउटमध्ये पहिला, विजयांत पहिला, ईआरएमध्ये दुसरा. हंगाम संपायला ३३ दिवस होते. बायकोने विचारलं, यंदा तरी बाहेरचं जेवण मिळणार का? मी म्हटलं, पक्कं समज.

पण एक आकडा मी नीट बघितला नव्हता. माझ्या १२६५ इनिंग वापरून झाल्या होत्या. उरल्या होत्या १३५. हंगाम ऐंशी-ब्याऐंशी टक्के संपला होता आणि माझा साठा नव्वद टक्के. आमच्या लीगचे कारभारी, वयाने आमच्यापेक्षा बरेच मोठे गृहस्थ, दुसऱ्या क्रमांकावर होते आणि त्यांच्या हातात अजून अडीचशे इनिंग होत्या. याचा अर्थ काय? माझी स्ट्राइकआउटमधली आणि विजयांमधली आघाडी ही खरी आघाडी नव्हतीच. मी पुढे दिसत होतो, कारण मी आधी खर्च केला होता. पगाराच्या पाच तारखेला ज्याच्या घरात सगळ्यात जास्त सामान दिसतं, तो श्रीमंत असतोच असं नाही.

त्या वर्षी आमच्या गावाकडे, साताऱ्याच्या माण तालुक्यात, मोठा दुष्काळ होता. गुरांसाठी छावण्या उघडाव्या लागल्या होत्या. दर रविवारी वडिलांचा फोन असे, आणि विषय एकच, विहीर. एकदा मी म्हटलं, मे महिन्यात तर पाणी संपेलच ना? तर म्हणाले, “पाणी मे महिन्यात संपत न्हाई. ते दिवाळीलाच संपल्यालं असतं. मे महिन्यात नुसतं दिसतं.” मी हूं हूं केलं आणि फोन ठेवला. आपल्या इनिंगचंही तेच झालंय, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

माझ्या संघाचा हिरा होता स्टीफन स्ट्रासबर्ग. वॉशिंग्टन नॅशनल्सचा २४ वर्षांचा पिचर. जून २०१० मध्ये पहिल्याच सामन्यात त्याने १४ फलंदाज स्ट्राइकआउट केले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याचं कोपर गेलं. कोपरातला अस्थिबंध तुटला की त्याजागी शरीरातला दुसरा स्नायुबंध बसवतात. या शस्त्रक्रियेला ‘टॉमी जॉन’ म्हणतात. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर ती पहिल्यांदा केली, म्हणून. पुन्हा चेंडू टाकायला वर्ष-दीड वर्ष लागतं. स्ट्रासबर्ग सप्टेंबर २०११ मध्ये परतला. २०१२ हे त्याचं पहिलं पूर्ण वर्ष. नॅशनल्सच्या व्यवस्थापनाने, म्हणजे जनरल मॅनेजर माइक रिझो यांनी, हंगामाच्या आधीपासून सांगितलं होतं की याच्या इनिंगवर मर्यादा राहील. आदल्या वर्षी त्यांनी जॉर्डन झिमरमन या दुसऱ्या पिचरला, त्याच शस्त्रक्रियेनंतर, १६१ इनिंगच्या आसपास थांबवलंच होतं. मला हे सगळं ठाऊक होतं. पण संघ पहिल्या क्रमांकावर धावतोय, वॉशिंग्टनच्या संघाला १९३३ नंतर पहिल्यांदा हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत जायची संधी आहे, आता कोण थांबवणार? असं मी स्वतःला समजावलं होतं.

७ सप्टेंबरला स्ट्रासबर्ग मायामीविरुद्ध खेळला. तीन इनिंग, पाच धावा. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, संघाने जाहीर केलं, स्ट्रासबर्गचा हंगाम संपला. १५ विजय, १९७ स्ट्राइकआउट, १५९ इनिंग आणि वर एकतृतीयांश. बस.

सगळ्या शहरात आरडाओरडा. मीही त्यात होतो. सोमवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी तावातावाने बोलत होतो. धडधाकट माणूस बसवून ठेवतात म्हणजे काय, माझ्या किमान चार मॅच बुडाल्या, वगैरे. कारभारी शांतपणे सँडविच खात होते. ते म्हणाले, “माझा मुलगा शाळेच्या संघात पिचर होता. सतराव्या वर्षी त्याने शेवटचा चेंडू टाकला. त्याच्या कोचलाही एकच मॅच जिंकायची होती.” एवढं बोलून ते डबा धुवायला उठले.

मला काय बोलावं कळेना. चार वर्षं मी ज्यांना इनिंग म्हणत होतो, मोजत होतो, साठा म्हणत होतो, त्या कोणाच्या तरी हातातून निघत होत्या, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. कारभाऱ्यांना मुलगा आहे, हेसुद्धा मला त्या दिवशी कळलं.

आता याच कारभाऱ्यांच्या संघात कोण होतं, ते ऐका. अटलांटा ब्रेव्ह्जचा क्रिस मेडलेन. याचंही कोपर ऑगस्ट २०१० मध्येच गेलं होतं. स्ट्रासबर्गच्या आगेमागे, तीच शस्त्रक्रिया. म्हणजे दोन संघांसमोर तोच प्रश्न होता. हात नवीन आहे, वर्षभराच्या इनिंग मोजक्या आहेत, त्या कशा वापरायच्या? वॉशिंग्टनने एप्रिलपासून दर पाचव्या दिवशी स्ट्रासबर्गला उतरवलं आणि सप्टेंबरमध्ये थांबवलं. त्यांचं म्हणणं, पिचरला नियमित क्रम हवा, मध्येच थांबवून पुन्हा सुरू करणं हाताला बरं नाही. अटलांटाने मेडलेनला सुरुवातीचे चार महिने राखीव पिचर म्हणून एकेक-दोनदोन इनिंग दिल्या आणि ३१ जुलैपासून मुख्य पिचर म्हणून उतरवलं. पुढच्या १२ सामन्यांत त्याने ९ विजय मिळवले, पराभव एकही नाही, आणि ईआरए एकाहून कमी. वर्षअखेर १३८ इनिंग, ईआरए १.५७.

उन्हाळ्यात हा मेडलेन आमच्या लीगमध्ये बेवारस पडला होता. विजय नाहीत, सेव्ह नाहीत, असा मधल्या इनिंगचा माणूस कोण घेणार? कारभाऱ्यांनी घेऊन बाकावर ठेवला. त्याला सुरुवातीपासून उतरवणार अशी बातमी आली तेव्हा आम्ही बाकीचे अकरा जण धावत गेलो, तर पाटी लागलेली, हा माल विकला गेला आहे.

आता माझी चूक सांगतो. ती स्ट्रासबर्ग गेल्यावर सुरू झाली.

आधी त्या एका खराब सामन्याने माझं किती बिघडलं ते बघा. १२६५ इनिंगमध्ये माझ्या पिचरांनी दिलेल्या धावा ४९२. म्हणजे ईआरए ३.५०. त्यात तीन इनिंग आणि पाच धावा मिळवा. झाला ३.५३. फक्त तीन शतांश. हाच सामना एप्रिलमध्ये आला असता तर? समजा ६३ इनिंगमध्ये २४ धावा, ईआरए ३.४३. त्यात तेच तीन इनिंग, पाच धावा. आकडा जातो ३.९५ वर. म्हणजे एप्रिलमध्ये सरासरी रिकाम्या बैलगाडीसारखी असते, एका धक्क्याने इकडची तिकडे जाते. सप्टेंबरमध्ये ती उसाने भरलेली असते. एका दगडाने ती उलटत नाही. पण हेही लक्षात घ्या, की एकदा घसरायला लागली तर एका दोरीने ती मागेही ओढता येत नाही.

मला वाटलं, तीन शतांश म्हणजे काहीच नाही. आणि मी रोजंदारीवर पिचर लावायला सुरुवात केली. आज कोणाचा सामना आहे, त्याला घ्या. उद्या काढा, दुसरा घ्या. अमेरिकेत याला स्ट्रीमिंग म्हणतात. स्ट्राइकआउटमधली आणि विजयांमधली पहिली जागा टिकवायची, हा एकच ध्यास. ज्या जागा टिकणारच नव्हत्या, कारण मागच्यांकडे इनिंग शिल्लक होत्या, त्या टिकवण्यासाठी मी धावत होतो. आणि ज्या टिकल्या असत्या, त्या मी स्वतःच्या हाताने सोडत होतो. कारण ईआरएमध्ये माझ्या पाठीमागे तीन संघ दाटीवाटीने उभे होते, ३.५४, ३.५७ आणि ३.६१. तिथे एकेक शतांश म्हणजे एकेक पायरी. रोजंदारीवर मिळणारे पिचर म्हणजे जे बाकीच्या अकरा जणांना नको होते ते. त्या १३५ इनिंगमध्ये माझ्या खात्यावर ७५ धावा चढल्या. वर्षाचा ईआरए झाला ३.६४ च्या वर. दुसरा होतो, पाचवा झालो. तीन गुण गेले. व्हिपमध्ये आणखी दोन. आणि स्ट्राइकआउट, विजय? तिथेही शेवटच्या आठवड्यात मागून येऊन कारभारी पुढे गेले. माझ्या १४०० इनिंग २९ सप्टेंबरलाच संपल्या. ३ ऑक्टोबरला हंगाम संपला. मधले चार दिवस मी नुसता बघत बसलो. दुसरा आलो, चार गुणांनी. जेवणाचे पैसे भरले.

तर मंडळी, हंगामाच्या शेवटी पिचर कसे सांभाळायचे, ते मी हरून शिकलो. ज्यांना हा खेळ खेळायचा आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांना नाही त्यांच्यासाठीही, थोडक्यात सांगतो.

पहिलं म्हणजे, ऑगस्टअखेर एकूण गुणांकडे बघणं सोडा. प्रत्येक विषय वेगळा मांडा. वरच्या पायरीला किती हवं, खालची पायरी किती लांब आहे, एवढंच लिहा. दहापैकी सहा-सात विषयांत आता काहीच बदलणार नाही, असं दिसेल. उरलेल्या तीन-चारांतच तुमचा सप्टेंबर आहे. सेव्हमध्ये वरचा वीसने पुढे असेल, तर शेवटची इनिंग टाकणारा तिसरा पिचर ठेवून उपयोग काय? आणि सरासरीत मागचा दोन शतांशांवर असेल, तर रोजंदारी बंद. त्याऐवजी एकेक इनिंग टाकणारे चांगले राखीव पिचर घ्या. ते विजय फारसे आणत नाहीत, पण गाडी घसरूही देत नाहीत.

दुसरं, वर्षाच्या शेवटी खऱ्या संघांचे हेतू बदलतात. ज्यांचं बाद फेरीतलं स्थान पक्कं झालं, ते मोठ्या पिचरला विश्रांती देतात, किंवा तीनच इनिंग टाकायला लावून आत बोलावतात. जे स्पर्धेबाहेर गेले, ते पोरांना आजमावतात. २०१९ पर्यंत सप्टेंबरमध्ये संघात ४० पर्यंत खेळाडू ठेवता येत. २०२० पासून २८. तेव्हा पिचर कितीही नावाजलेला असो, त्याच्या संघाला त्याची आज गरज आहे का, हे आधी बघा. नाव बघून खेळवाल तर फसाल. ज्याचा संघ शेवटच्या दिवसापर्यंत जागेसाठी झगडतोय, तो मधल्या दर्जाचा पिचरही कामाचा.

तिसरं, मैदान बघा. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचावर आहे. हवा विरळ, चेंडू लांब जातो, वळतो कमी. तिथे आपला पिचर जात असेल, तर त्या दिवशी त्याला बाकावर बसवण्यात अपमान काही नाही. तोच पिचर आठवड्याने सॅन दिएगोत खेळणार असेल, तर बिनधास्त उतरवा.

चौथं, ज्याचा हात नुकताच शिवलेला आहे, किंवा जो पहिल्याच वर्षी भरपूर खेळला आहे, त्याचा सप्टेंबर आपला नाही असं जुलैमध्येच धरून चाला. तेव्हा त्याला चांगली किंमत येते. सप्टेंबरमध्ये येते ती फक्त बातमी.

पाचवं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुम्ही दहावे, अकरावे असाल तरी शेवटच्या दिवसापर्यंत संघ लावत राहा. हरलेला माणूस सप्टेंबरमध्ये लक्ष काढून घेतो, त्याचे जखमी पिचर तसेच पडून राहतात, आणि त्याच्या जागा फुकट कोणाला तरी मिळतात. मग निकाल वरच्या दोघांत लागत नाही, खालच्याच्या आळसात लागतो. आमचे कारभारी हा नियम फार कडक पाळत. शेवटच्या क्रमांकाच्या माणसालाही त्यांचा फोन जाई, तुझा दुसरा पिचर जखमी आहे, बदल.

एवढं सगळं शिकून पुढच्या वर्षी मी जिंकलो का? नाही. २०१३ मध्ये मी इनिंग इतक्या जपून ठेवल्या, की शेवटी ऐंशी इनिंग न वापरता उरल्या. वडिलांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, इहिरीत पाणी ठिवून पीक वाळवलं व्हय रं! त्या वर्षी चौथा आलो. २०१४ मध्ये मी पुण्याला परत आलो. लीग मी कधीच जिंकली नाही. ओक्रेंट यांच्या पंक्तीला बसण्याचा तेवढा एक मान मला मिळाला.

आणि त्या दोन पिचरांचं काय झालं? २०१२ मध्ये वॉशिंग्टनचा संघ स्ट्रासबर्गशिवाय बाद फेरीत उतरला आणि सेंट लुईसविरुद्धच्या पाचव्या, निर्णायक सामन्यात सहा धावांची आघाडी घेऊनही हरला. अटलांटाने आपला राखलेला मेडलेन एकाच सामन्याच्या फेरीत उतरवला, तेही सेंट लुईसकडूनच हरले. मार्च २०१४ मध्ये मेडलेनच्या कोपरावर पुन्हा तीच शस्त्रक्रिया झाली. स्ट्रासबर्ग २०१९ मध्ये वॉशिंग्टनने वर्ल्ड सीरिज जिंकली तेव्हा त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. लोक म्हणाले, बघा, तेव्हा जपला म्हणून आज मिळाला. पण त्यानंतर त्याला सगळ्या मिळून जेमतेम ३१ इनिंग टाकता आल्या, आणि २०२४ मध्ये तो निवृत्त झाला. तेव्हा कोणाचा हिशेब बरोबर होता, हे मी तरी ठरवू शकत नाही. हाताचा साठा १४०० चा असतो की ४०० चा, हे कोणी लिहून देत नाही. आमच्या खेळात ते निदान पहिल्या दिवशी कळतं.

कारभाऱ्यांना दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माझं एक पत्र जातं. यंदा कोण घेतला, कोणाला बसवला, अशा गप्पा. गेल्या वर्षी त्यांनी कळवलं, नातू आता शाळेच्या संघात पिचिंग करायला लागला आहे. खाली एक ओळ होती, एका सामन्यात किती चेंडू टाकायचे ते त्याचा बाप मोजतो, आणि आकडा झाला की मैदानाबाहेरून हात वर करतो.